पासंग विसरलेली तागडी

डोंबिवलीला थंडी पडते असं म्हटलं की माझी पुण्याची जाऊ फोनवर हसते. हसू दे. पहाटे खाडीकडून वारा येतो, गच्चीवर वाळत घातलेले कपडे हाताला गार लागतात, भाजीवाल्याच्या हातगाडीवर हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागतात, आणि पोटाला आपोआप कळतं की आता खाल्लेलं पचणार. वर्षातले हेच काय ते दिवस. बाकीचे नुसते घाम पुसण्यात जातात.

यंदा थंडी आली आणि माझ्या नातीला, ईशाला, व्यायामाचं वेड लागलं. कॉलेजात आहे. मानपाडा रोडवरच्या जिममध्ये नाव घातलंय. पहिल्याच दिवशी एवढं काय काय उचलून आली की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईनात. शेवटी मी घालून दिली आणि घालता घालता तोंडसुख घेतलं. तिच्या खोलीत काचेचा वजनकाटा आहे. सकाळी डोळे चोळत त्यावर उभी राहते आणि आकडा बघून दिवसभराचा चेहरा ठरवते. परवा आकडा जरा वर सरकलेला दिसला, तर बाईसाहेब समोरचे पोहे तसेच टाकून उठल्या.

"अगं, काट्याला काय कळतंय?" मी म्हटलं.

"आजी, माणसं खोटं बोलतात. काटा बोलत नाही."

मला हसूच फुटलं. काटा खोटं बोलत नाही म्हणे! एका खोट्या काट्यामुळे तुझी आजी कॉलेजात गेली, बाई. तिला काही कळेना. मग पोह्यांची बशी तिच्या हातात परत दिली आणि म्हटलं, खा, सांगते.

आम्ही तेव्हा कल्याणला राहत होतो, पारनाक्याजवळ, माडीवरच्या दोन खोल्यांत. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. रेशन अजून उठलं नव्हतं. रेशनच्या तांदळाला एक कुबट वास यायचा आणि परदेशातून आलेली मायलो नावाची लाल ज्वारी दळून आणली तरी तिची भाकरी तव्यावरच तडकायची. मी मॅट्रिकची परीक्षा दिली, निकाल लागला, चांगले मार्क पडले, आणि पेढे वाटून व्हायच्या आतच मला ताप आला. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कपाळावरची ओली घडी, मोसंबीच्या सालीचा वास, आणि कधीही डोळे उघडले तरी उशाशी बसलेले अण्णा. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. एरवी शिस्तीचे. तेव्हा मात्र दाढी वाढलेली आणि डोळे लाल.

मी वाचले. केस गळले, गालफडं बसली आणि मनगट असं झालं की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. कॉलेजचं ते वर्ष गेलंच. त्याचं दुःख नव्हतं. पुढच्या जूनला जाऊ, असं मी धरूनच चालले होते. दिवाळी झाल्यावर एकदा तसं बोलले, तर अण्णा म्हणाले, "कुसुम, कॉलेजचं डोक्यातून काढ आता."

कॉलेज म्हणजे मुंबईला जाणं. पहाटे उठायचं, स्टेशनपर्यंत चालत जायचं, संध्याकाळी परत यायचं. "जूनमध्ये वारा असा असतो की छत्री उलटी होते," अण्णा म्हणाले. "ही काडी छत्रीसकट उडून जाईल. एकदा देवानं परत दिलीय. पुन्हा मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांच्यावर रागावताही येईना. पण मला शिकायचं होतं, मनापासून शिकायचं होतं. मी आईकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि अंग धरलं तर?"

अण्णा म्हणाले, "तापाच्या आधी होती तेवढी भरली होळीपर्यंत, तर बघू."

अण्णांचं "बघू" म्हणजे होकार. म्हणजे बापानं अट घातली आणि माझं कॉलेज माझ्या अंगावरच्या मांसावर येऊन ठेपलं.

आता वजन करायचं कुठे? शाळेत वजनाचं यंत्र होतं, त्यावर ताप यायच्या आधी वजन झालेलं होतं; पण मी शाळा सोडलेली. दवाखान्याचं नाव काढलं की अण्णा उठून जात. तेव्हा आईनं सोय काढली ती वेलजीभाईच्या लाकडाच्या वखारीत. हसू नकोस ईशा, तेव्हा लोकांना यात काही वावगं वाटत नसे. वखारीत आढ्याला एक अजस्र तागडी टांगलेली. दोन्ही बाजूंना साखळ्यांनी लटकवलेल्या फळ्या, एकीवर लोखंडी वजनं, दुसरीवर लाकडं. मुरबाडकडून बैलगाड्या यायच्या, त्यांतली ऐना-धावड्याची लाकडं उतरवली की सगळी वखार ओल्या सालीच्या वासानं भरून जायची. तो वास मला अजून आवडतो. पण त्या लाकडांच्या फळीवर, पाचवारी सावरत, पाय वर घेऊन बसायचं, आणि गिऱ्हाइकांनी बघत राहायचं! लाज वाटे हो. उठले की साडीला मागे साल चिकटलेली. घरी आल्यावर आई माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकी, कारण मुलगी वजन करताना चारचौघांच्या नजरेत येते. ओवाळण्यासारखं माझ्यात होतं तरी काय, देव जाणे.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. कल्याणात त्या हिवाळ्यात मला न सुचवलेला पदार्थ उरला नसेल. खालच्या काकू म्हणाल्या बदाम, वाण्यानं सांगितलं खारीक, अण्णांच्या कचेरीतलं कुणी म्हणालं कॉडलिव्हरचं तेल. आईनं सगळ्यांचं ऐकलं आणि पहिल्याच आठवड्यात डिंकाचे लाडू केले. तुपासाठी कुणाकुणाला गाठलं तिलाच ठाऊक. मी सकाळी लाडू, संध्याकाळी लाडू असा सपाटा लावला आणि माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. होतं नव्हतं तेही गेलं. आई कपाळाला हात लावून बसली, "काय मेलं अंगी लागतच नाही हिच्या!"

अंगी लागणं. केवढा शहाणा शब्द आहे. खाणं वेगळं, अंगी लागणं वेगळं. ईशाच्या मोबाइलमध्ये कशात काय किती आहे ते सगळं दिसतं, पण अंगी काय लागलं ते काही दिसत नाही.

मला वाटेवर आणलं ते परेराबाईंनी. आमच्या शाळेत त्या ड्रिल शिकवायच्या. ठाण्याकडच्या खाडीकाठच्या गावातल्या, ख्रिश्चन, उंच, काळ्याभोर, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडचं कुत्रंही सावधान व्हावं. शाळेत शुद्ध बोलायच्या. घरी आल्या की गावची बोली तोंडात यायची. मला बघायला आल्या, लाडवांची हकीकत ऐकली आणि आईला म्हणाल्या, "अवो, मेलेल्या इस्तवावर एकदम ओंडका टाकलाव तं तो पेटंल काय? आदी काटक्या टाका!"

चुलीचा दाखला आईला लगेच पटला. मग लाडू डब्यात गेले आणि काटक्या आल्या. सकाळी नाचणीची आंबील, ताक घालून. रात्री भिजत घातलेले मूठभर हरभरे, सावकाश चावून. दुपारी भाकरी, हिरवी पालेभाजी, वरण जरा घट्ट. संध्याकाळी दाणे आणि गूळ. दूध मिळेल तेव्हा, नाही मिळालं तर त्याच्या नावानं रडायचं नाही. आणि दिवे लागल्यावर फार वेळ जागायचं नाही, कारण "अंग झोपंत भरतं, बाये, तुझ्या पुस्तकात नाय."

व्यायामाचंही तसंच. मला वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून जोर-बैठका. बाईंनी मला नुसतं चालायला लावलं. घरापासून चौकापर्यंत आणि परत. मी म्हटलं, बाई, मी अजून चालू शकते. त्यांनी डोळे वटारले. "चालशील गो. पण उद्या? उद्या पुन्ना करशील तेवडंच आज करायचं. मंग उद्या उजाडतो."

हे वाक्य मी आयुष्यभर वापरलंय. बाळंतपणानंतर वापरलं, नवरा गेल्यावर वापरलं. घरातल्या कुणाच्याही नव्या उत्साहावर मी ते पाण्यासारखं शिंपडते. ईशाला तेच म्हटलं: अगं, पहिल्या दिवशी मर्दुमकी गाजवलीस आणि दुसऱ्या दिवशी वेणीलाही हात उचलेना, यात कमावलंस काय?

चौकापासून मग खाडीपर्यंत, खाडीपासून दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, आणि एका सकाळी दुर्गाडीच्या वर. धुकं खाली पाण्यावर बसलेलं, होडीतला माणूस दिसत नव्हता, नुसता वल्ह्याचा आवाज येत होता. मी धापा टाकत होते, पण त्या धापेत भीती नव्हती. घरी सज्जात दार लोटून घेऊन बाईंनी शिकवलेली कसरत करायची. आई दाराच्या फटीतून बघून म्हणाली, "हे तर आपले सूर्यनमस्कारच की!" बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सूर्याला करा नाय तं येशूला करा, गुडघं मातर वाकवू नका." आई पदराआड कितीतरी वेळ हसत होती.

आणि वजन? वजन ढिम्म. संक्रांतीच्या सुमारास वखारीत गेलो, तर वेलजीभाईनं वजनं घातली, काढली, पुन्हा घातली आणि ओशाळून म्हणाला, "थोडी वाढली, बेन. एकदम थोडी." संध्याकाळी अण्णांनी आकडा ऐकला आणि नुसती मान हलवली. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मला भूक लागत होती, जिना चढताना कठडा धरावा लागत नव्हता, बादली एका हातात येत होती. हे सगळं मला कळत होतं, पण तागडीला कळत नव्हतं, आणि निकाल तागडी देणार होती.

त्यानंतरच्या खेपेला अण्णा स्वतः बरोबर आले. मी फळीवर बसले. फळी नवी होती, चांगली जाडजूड, अजून रंधा न फिरवलेली. वेलजीभाईनं वजनं चढवली. आणखी चढवली. मग ओरडलाच, "वाढली! साहेब, छोकरी वाढली!" मागच्या खेपेपेक्षा किती तरी भरले होते मी. होळीला तर तापाआधीच्याही वर गेले. अण्णांनी पुन्हा वजन करायला लावलं, मग वखारीतून बाहेर येऊन रस्त्यातच माझ्या डोक्यावर हात ठेवला. अण्णा असं कधी करत नसत. "जा कॉलेजला," म्हणाले. त्या रात्रीच्या पुरणपोळीची चव सांगू म्हटलं तरी सांगता येणार नाही. आईनंही खाल्ली, पण ती फार बोलत नव्हती.

त्या दिवसांत आईत एक बदल झाला होता. माझ्या लक्षात आला, पण मी आपली माझ्याच आनंदात. एरवी वखारीत आईची दहशत होती. वजन झाल्यावर वर एक ढलपी घेतल्याशिवाय ती हलायची नाही, आणि ओलं लाकूड तर वेलजीभाईची तिला द्यायची छाती नव्हती. ती आई वखारीत भांडेनाशी झाली. मुकाट्यानं लाकडं घ्यायची, मुकाट्यानं यायची. आणि घरात जळण पुरेनासं झालं. पौर्णिमेपर्यंत जाणारी रास एकादशीलाच तळाला लागायची. आई गोवऱ्या घेऊ लागली, भुसा घेऊ लागली, निखारे विझवून त्यांचे कोळसे जपून ठेवू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "वारा लागतो चुलीला, भसाभस जळतं." थंडीच्या दिवसांत, दार बंद, आणि म्हणे वारा.

पासंग हा शब्द आता फक्त टोमण्यात उरलाय. अमकी तमकीच्या पासंगालाही पुरणार नाही, असं आपण म्हणतो. पण पासंग म्हणजे काय, हे आता ईशाला कुठून ठाऊक असणार? तागडीचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा जड झालं, तर हलक्या बाजूला एखादा दगड, लोखंडाचा तुकडा बांधतात आणि दोन्ही बाजू सारख्या करतात. तो पासंग. लाकडाच्या बाजूची जुनी फळी संक्रांतीनंतर मोडली. वेलजीभाईनं नवी जाड फळी लावली आणि पासंग बांधायचा विसरला. म्हणजे त्या फळीवर जे ठेवाल ते होतं त्याहून जड भरायचं. लाकडं जड भरायची. मीही.

हे उघडकीला आलं वैशाखात. पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून सगळं गाव वखारीत लोटलेलं. अण्णाही गेले होते. कुणीतरी सहज रिकाम्या तागडीकडे बघितलं, तर ती एका बाजूला कललेली! मग काय, गलका झाला. वेलजीभाई कान धरून सगळ्यांच्या पाया पडला. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याचं त्याचं कमी गेलेलं लाकूड भरून देतो म्हणाला, आणि आमच्या वाट्याचं बैलगाडीत घालून अण्णांच्या मागोमाग पाठवूनही दिलं.

अण्णा घरी आले ते तावातावानं सांगतच. "संक्रांतीपासून लुबाडतोय! म्हणजे जेवढं भरलं असं वाटत होतं, तेवढं ते नव्हतंच..." आणि बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. 

"म्हणजे हिचं वजनही..." अण्णा हळूच म्हणाले. मग आईकडे वळले. "तुझ्या लक्षात नाही आलं?"

"चूल मी पेटवते," आई म्हणाली. "माझ्या लक्षात नाही येणार तर कुणाच्या?"

"आणि बोलली नाहीस?"

 खाली गाडीवान लाकडं उतरवत होता, त्यांचा धाडधाड आवाज येत होता. मला तिथे उभं राहवेना. मी जिना उतरले. अंगणात लाकडांचा ढीग पडला होता. काही सुचत नव्हतं म्हणून मी एक भारा बांधला, उचलला आणि वर चढले. सज्जात टाकला. पुन्हा खाली. दुसरा आणला. वर त्या दोघांचं चाललेलंच होतं. अण्णा म्हणत होते, हेडमास्तरांना विनंती करून शाळेत एकदा नीट वजन करून घेऊ, मग काय ते ठरवू. मी तिसरा भारा घेऊन दारातून आत आले, आणि आईचा आवाज चढला. आमच्या घरात तो अण्णांसमोर कधी चढला नव्हता.

"पुन्हा वजन? मुलगी म्हणजे काय जळण आहे, सारखं तागडीत घालायला? लाकडं कमी भरली, मान्य. ती मी भोगली, गोवऱ्या जाळून. पण डोळे आहेत ना तुम्हाला? बघा की तिच्याकडे!"

अण्णांनी बघितलं. मी घामानं निथळत होते, पदर खोचलेला, केसांत साल अडकलेली, खांद्यावर ऐनाचा भारा.  भारा टाकला आणि पुढच्यासाठी खाली गेले. थोड्या वेळानं अण्णाही खाली आले. सदऱ्याच्या बाह्या वर करून त्यांनी एक भारा उचलला आणि जिना चढायला लागले. मधल्या पायरीवर थांबले. कठडा धरला. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. मी मागेच होते.

"अण्णा, द्या इकडे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि भारा माझ्याकडे दिला.

पुढे आयुष्यात मी पुष्कळ तागड्या बघितल्या. मुलीचं सगळंच जोखलं जातं. रंग, उंची, पायगुण, बोलणं. आणि ती तागडी बहुतेक आधीपासूनच कललेली असते, पासंग बांधायचं कुणालाच आठवत नाही. त्या एका हिवाळ्यात ती चुकून माझ्या बाजूनं कलली आणि माझ्या आईनं ती चूक जपून ठेवली, अर्धवट जळणावर स्वयंपाक करून.  मी तिच्या पासंगालाही पुरणार नाही.

ईशानं पोहे संपवले होते. बशीतला शेवटचा दाणा बोटानं टिपत म्हणाली, "पण आजी, मग तुझं खरं वजन किती होतं तेव्हा?"

"कुणास ठाऊक!" मी म्हटलं. "त्यानंतर अण्णांनी कधी वजन केलंच नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना छत्री मात्र घेऊन आले. माझ्यासाठी."